नरकासुराच्या कानांतली कुंडले

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात डिचोली, म्हापसा, फोंडा, मडगाव अशा कुठल्याही गावात संध्याकाळी फेरी मारली, तर चौकाचौकांत बांबूचे नाहीतर लोखंडी सळ्यांचे सांगाडे उभे राहिलेले दिसतात, त्यांत सुके गवत कोंबणारी आणि जुन्या वर्तमानपत्रांना खळ लावणारी मुले दिसतात, आणि दुकानांच्या दाराशी राक्षसांचे रंगवलेले मुखवटे ओळीने टांगलेले असतात. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री हे नरकासुर पूर्ण होऊन उभे राहतात, त्यांच्या स्पर्धा होतात, पहाटे त्यांचे दहन होते आणि मग घरोघरी अभ्यंगस्नान, पायाच्या अंगठ्याखाली फुटणारे कारीट आणि पोह्यांचे नाना प्रकार सुरू होतात. चित्रकथांसाठी पात्रे रेखाटणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला गोव्यात राहण्याचा हा एक मोठा लाभ आहे. अमानवी आकृती हाताने कशी घडते, तिचे वजन कुठे पडते, वर केलेला हात किती लांब ठेवला म्हणजे खालून पाहणाऱ्याला तो योग्य दिसतो, हे येथे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते.

मात्र हस्तकौशल्य वेगळे आणि पात्ररचना वेगळी. गेली काही वर्षे मी हे नरकासुर वही घेऊन हिंडून पाहतो, आणि माझे मत असे झाले आहे की त्यांतले बहुतेक उत्तम घडवलेले असतात आणि फारच थोडे नीट कल्पिलेले असतात. फुगवलेले दंड, वळवलेल्या मिशा, वासलेला जबडा, हातात गदा किंवा तलवार, अलीकडे डोळ्यांत लुकलुकणारे दिवे आणि यंत्राने हलणारे हात, एवढी सामग्री सगळीकडे सारखीच असते. मंडळाचा फलक काढून घेतला, तर समोरचा बकासुर आहे, घटोत्कच आहे की एखाद्या परदेशी चित्रपटातला खलनायक आहे, हे सांगता येणार नाही. तो नरकासुरच आहे असे सांगणारी एकही खूण त्याच्या अंगावर नसते.

पुराणात मात्र या खुणा भरपूर आहेत. नरकासुर हा भूमीचा पुत्र, वराहरूपातल्या विष्णूपासून झालेला. म्हणजे त्याच्या तोंडाला सुळे असतील तर ते केवळ भीती वाटावी म्हणून नव्हेत, ते त्याला बापाकडून मिळालेले आहेत आणि म्हणून ते वाघाचे नव्हे, रानडुकराचे असले पाहिजेत. भागवताच्या दशम स्कंधात त्याच्या अपराधांची यादी आहे. त्याने वरुणाचे छत्र हिरावून घेतले, देवमाता अदितीची कुंडले नेली आणि देवांचे मणिपर्वत नावाचे स्थान बळकावले. विष्णुपुराण आणखी बारकाईने सांगते की ते छत्र पाणी गाळणारे होते आणि ती कुंडले अमृत गाळणारी होती. आता हीच माहिती चित्रकाराच्या डोळ्याने वाचून पाहावी. मातीच्या पोरसवदा राजाचे भलेथोरले, राकट शरीर आहे, अंगावर जांभ्या दगडासारखी छिद्रे आहेत, आणि त्या दणकट कानांत एका वृद्ध मातेची नाजूक, शोभत नसलेली कुंडले लटकत आहेत. डोक्यावर दुसऱ्याचे छत्र आहे आणि त्यातून सतत पाणी ठिबकत आहे. हे पात्र गदा न घेताही नरकासुर म्हणून ओळखू येईल, आणि ते पाहताना भीतीबरोबरच थोडी कीवही वाटेल, कारण त्याच्या वधानंतर ती कुंडले आणि ते छत्र कृष्णाच्या हाती परत देण्यासाठी पुढे येते ती त्याची आई भूमीच. आमच्याकडे तर सातेरी या भूमिदेवतेच्या रूपाने वारुळाचीच पूजा होते. भूमिपुत्राचे अंग कसे दिसावे यासाठी गोव्यातल्या मुलांनी इंटरनेटवर शोधाशोध करण्याची खरोखर गरज नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे की अद्भुत पात्राचे रूप शोधण्याआधी त्याचा नेम, म्हणजे त्याला बांधून ठेवणारा नियम, शोधावा. त्याला काय हवे आहे, त्याला कशाची बंदी आहे, तो कुठून आला, त्याला काय दिले म्हणजे तो शांत होतो आणि कुठली मर्यादा तो ओलांडू शकत नाही, हे ठरले की रूप बरेचसे आपोआप ठरते. हे ठरवण्याआधी काढलेले दात, नखे आणि शिंगे ही केवळ सजावट राहते.

चित्रपटांच्या इतिहासातली जी भुतेखेते टिकली, ती याच कारणाने टिकली असे मला दिसते. 1922 साली मुर्नाऊने ‘नोस्फेरातू’ केला, तेव्हा त्याच्या दृश्यरचनेची बाजू अल्बिन ग्राऊ या चित्रकाराने सांभाळली होती. त्यातला रक्तपिपासू काउंट ऑरलॉक पाहिला की पहिली गोष्ट लक्षात येते ती त्याच्या दातांची जागा. पुढच्या काळातल्या पिशाच्चांना दोन बाजूंना सुळे असतात, ऑरलॉकचे मात्र समोरचे पटाशीचे दात लांब आणि अणकुचीदार आहेत. ते उंदराचे दात आहेत, आणि ते तसे असण्याला कथेत कारण आहे, कारण हा काउंट जहाजातून शहरात येतो तेव्हा त्याच्याबरोबर उंदीर आणि प्लेगही येतात. टक्कल, टोकदार कान आणि अंगाजवळ आखडलेले हात हे सगळे त्या एका कल्पनेतून निघाले आहे. आपल्याकडे प्लेगच्या आठवणी घराघरांत होत्या, तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही.

1931 सालच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला राक्षस रंगभूषाकार जॅक पियर्स याने घडवला. बोरिस कार्लोफच्या डोक्याचा तो सपाट माथा आज जगभर विनोदी चित्रांतही दिसतो, पण पियर्सचा त्यामागचा विचार अगदी कोरडा आणि व्यवहारी होता. फ्रँकेन्स्टाइन हा सराईत शल्यविशारद नव्हे, तो वैज्ञानिक. त्याला कवटी उघडून आत मेंदू बसवायचा आहे, तर तो सर्वांत सोपा मार्ग घेईल, म्हणजे कवटीचा वरचा भाग डब्याच्या झाकणासारखा आडवा कापेल आणि पुन्हा बसवून पक्का करील. मानेच्या दोन बाजूंना जे खिळे दिसतात, ते विजेचा प्रवाह आत सोडण्यासाठी आहेत. पियर्सने राक्षसाला भयंकर कसे दाखवावे असा प्रश्न विचारलाच नाही, तो कोणी आणि कसा बनवला असा प्रश्न विचारला. रेखाटनाच्या वर्गांत मी हे उदाहरण नेहमी देतो, आणि दरवेळी कोणीतरी मूल आपल्या वहीतल्या राक्षसाकडे वळून पाहते व विचारते, की मग माझ्या राक्षसाला पंख कोणी दिले. हाच प्रश्न पडायला हवा असतो.

मराठी मातीतले याचे सर्वांत नेमके उदाहरण 2018 सालच्या ‘तुंबाड’मधला हस्तर हे आहे. राही अनिल बर्वे यांच्या या चित्रपटाला हल्ली मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला आहे, त्यामुळे कथा सांगत बसत नाही. हस्तरला सोने मिळाले आहे आणि धान्य नाकारले गेले आहे, एवढा एकच नेम त्या सगळ्या रचनेच्या मुळाशी आहे. सोने त्याच्या लंगोटात आहे, म्हणून त्याच्या अंगावर लंगोटाशिवाय दुसरे वस्त्र असण्याची गरजच नाही. तो भुकेला आहे, म्हणून कणकेची बाहुली त्याच्यासाठी आमिष होते आणि माणसाला तेवढा वेळ मिळतो. ज्या पिठासाठी तो आसुसला आहे, त्याच पिठाचे रिंगण त्याला अडवते. वस्त्र, शस्त्र, आमिष आणि कुंपण या चारही गोष्टी एका शापातून निघतात. अंगाचा तो लाल रंग, ते सोलल्यासारखे शरीर हे सगळे प्रभावी आहे, पण माझ्या मते लंगोट हा त्या रचनेतला खरा शोध आहे.

त्याच्या तुलनेत 2024 सालच्या ‘मुंज्या’मधले पात्र मला कमी भावले. कोकणातल्या मुंज्याची कल्पना मुळात फार दुःखी आहे, कारण तो मुंजीच्या वयात मेलेला आणि इच्छा अपुरी राहिलेला मुलगा आहे. चित्रपट विनोदाकडे झुकणारा आहे आणि त्यासाठी संगणकावर घडवलेला तो खोडकर चेहरा शोभूनही दिसतो. पण तो चेहरा इतका वेळ आणि इतक्या उजेडात दाखवला आहे की मध्यंतरापर्यंत त्याची सवय होते. अर्थात थिएटरमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या मुलांना तो भलताच आवडला होता, हेही नोंदवायला हवे.

इथे चित्रपट आणि चित्रकथा यांच्यातला एक मूलभूत फरक पुढे येतो, आणि पात्ररचनेचे बरेचसे प्रश्न त्याच फरकातून जन्मतात. चित्रपटात काळ दिग्दर्शकाच्या हाती असतो. पणजीत 2004 पासून दर वर्षी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात मी अनेक भयपट पाहिले आहेत, आणि त्यांतले सर्वांत परिणामकारक प्रसंग हे आकृती किती थोडा वेळ दिसते यावर उभे होते. अंधार, आवाज आणि छाटणी यांच्या बळावर अर्धवट सुचवलेले रूप पुरे होते. चित्रकथेत ही तिन्ही साधने नाहीत. वाचक दुपारी बाल्कनीत बसून, हातात चहा घेऊन, माझे भूत हवे तितका वेळ न्याहाळू शकतो, पान मागे उलटून ते पुन्हा पाहू शकतो, आणि त्याच्या पायांची बोटे मोजू शकतो. अशा न्याहाळण्यातून जे रूप सुखरूप बाहेर पडेल, तेच चित्रकथेत चालते.

गियेर्मो देल तोरो यांच्या 2006 सालच्या ‘पॅन्स लॅबिरिंथ’मधला पेल मॅन हे पात्र चित्रपटातले असूनही या कसोटीला उतरते. अन्नाने भरलेल्या मेजाशी तो निश्चल बसलेला आहे, अंगाची कातडी लोंबते आहे, चेहऱ्यावर डोळे नाहीत आणि डोळे समोर ताटलीत ठेवलेले आहेत. ते डोळे तो तळहातांत बसवतो आणि हात चेहऱ्यापाशी नेऊन पाहतो. ही हालचाल एकाच स्थिर चित्रात पूर्ण समजते, तिला पुढच्या-मागच्या चित्राची गरज लागत नाही. डग जोन्स या नटाला त्या मुखवट्याच्या नाकपुड्यांतून पाहावे लागत असे, ही पडद्यामागची गोष्ट कळल्यावर तर त्या डगमगत्या, आंधळ्या चालीचे कौतुक अधिकच वाटते.

दुसरा फरक श्रमाचा आहे. चित्रपटासाठी मुखवटा एकदा घडवला की तो प्रत्येक फ्रेममध्ये आपोआप येतो. चित्रकथेतले पात्र मात्र दर चौकटीत नव्याने काढावे लागते, समोरून, पाठीमागून, वरून, धावताना, बसलेले असताना आणि दूरवर ठिपक्याएवढे असताना. पहिल्या रेखाटनात हौसेने घातलेला प्रत्येक खवला, प्रत्येक मणी आणि प्रत्येक पट्टा पुढे शेकडो वेळा काढायचा आहे, याचे भान ठेवूनच मॉडेल शीट, म्हणजे पात्र सगळ्या बाजूंनी कसे दिसेल ते ठरवणारा नमुना-तक्ता, बनवावी लागते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी आधी नखाएवढी लहान आणि पूर्ण काळी भरलेली आकृती काढायला सांगतो. तेवढ्यावरून ती ओळखता आली, तर पुढे डोळे, नाक आणि कपडे यांच्याकडे वळावे.

ही कसोटी सहज पार करणारे एक चित्र मराठी घरांत कित्येक वर्षे दर महिन्याला येत होते. ‘चांदोबा’ मासिकातल्या विक्रम-वेताळाच्या गोष्टींवर शंकर या नावाने के. सी. शिवशंकरन यांचे चित्र असे. हाती तलवार घेतलेला राजा, खांद्यावर प्रेत आणि भोवती स्मशान. दोन शरीरांची मिळून एकच छायाकृती होते, हा त्या चित्राचा गाभा आहे. बोलणारा आणि ऐकणारा एकमेकांपासून सुटू शकत नाहीत, राजा बोलला की वेताळ परत झाडावर जाणार, हा कथेचा सगळा नेम त्या एका बाह्यरेषेत सामावला आहे. चेहऱ्याकडे लक्ष जाण्याआधीच गोष्ट कळते.

गोव्यातल्या माझ्या पिढीच्या मुलांना मात्र वेताळ आणखी दोन रूपांत भेटत होता. ली फॉक यांनी 1936 साली निर्माण केलेला ‘फँटम’ हा मुखवटाधारी वीर 1964 पासून इंद्रजाल कॉमिक्समधून आपल्याकडे आला, आणि मराठी वाचकांसाठी त्याचे नाव वेताळ ठेवले गेले. घट्ट पोशाख, डोळ्यांवर पट्टी आणि अंगठीवरची कवटी. चित्रकाराच्या दृष्टीने ही अतिशय हुशार रचना आहे, कारण ती भराभर काढता येते, आणि तो स्वतः चौकटीत नसला तरी शत्रूच्या हनुवटीवर उमटलेली कवटी पुरेशी होते. त्याच वेळी गावच्या देवळात दुसरा वेताळ उभा होता. पाषाणाचा, उंच, नग्न, गळ्यात मुंडमाळा, दात विचकलेले, आणि पोटावर कोरलेला विंचू. लोलयेसारख्या ठिकाणची वेताळाची मूर्ती ज्यांनी पाहिली असेल, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. तो रात्री गावाची राखण करत हिंडतो, हिंडून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून काही देवळांत त्याला चामड्याच्या वहाणा वाहण्याची प्रथा आहे. मला या सगळ्यात त्या वहाणा फार मोलाच्या वाटतात. मुंडमाळा कुठल्याही उग्र देवतेला शोभते, झिजलेल्या वहाणा मात्र फक्त रोज रात्री चालणाऱ्याच्याच असू शकतात.

सध्या मी ज्या चित्रकथेवर काम करत आहे, ती डिचोली आणि सत्तरीच्या बाजूच्या एका कल्पित गावात घडते आणि तिच्या केंद्रस्थानी देवचार आहे. देवचार म्हणजे गावचा राखणदार. तो रात्री सीमेवरून फिरतो, त्याच्या खांद्यावर कांबळे, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात दिवटी असते, त्याला रोट आणि सोरो, म्हणजे जाड भाकरी आणि दारू, द्यावी लागते, वाट चुकलेल्याला तो घरी पोहोचवतो आणि त्याचा मान चुकवणाऱ्याला धडा शिकवतो, अशी श्रद्धा आहे. नेम एवढा स्पष्ट असलेले पात्र चित्रकाराला सहसा मिळत नाही. कांबळे, काठी आणि दिवटी या तीनही वस्तू त्याच्या कामातून आलेल्या आहेत, आणि तिघींची मिळून बाह्यरेषाही फार चांगली होते.

अडचण वेगळीच होती. ऑरलॉकसाठी कोणी दिवा लावत नाही आणि हस्तरला नवस बोलत नाही. देवचाराला मात्र आजही लोक हात जोडतात, आणि माझ्या घरातलेही जोडतात. दक्षिणेकडे तुळुनाडूतल्या दैवांवर 2022 साली ‘कांतारा’ आला, तेव्हा हा प्रश्न मोठ्या पडद्यावरही उभा राहिला होता, कारण त्यातल्या पंजुर्ली या दैवाची वेशभूषा ही कोणा संकल्पनाकाराने स्टुडिओत बसून काढलेली नाही, ती भूतकोला या तिथल्या पूजानृत्याच्या परंपरेची आहे. ज्याची पूजा चालू आहे त्याचे रूप कल्पनेने बदलण्याचा अधिकार चित्रकाराला कितपत आहे, यावर माझे मत सावध आहे. अधिकार आहे, पण तो लोकांनी स्वतः कशाला रूप दिले आणि कशाला दिले नाही, हे पाहून वापरावा.

याबद्दल आमच्या वाड्यावरच्या एका वृद्ध शेतकऱ्याशी मी बोललो. त्यांना मी देवचाराच्या चेहऱ्याची चार-पाच रेखाटने दाखवली. त्यांनी ती शांतपणे पाहिली आणि विचारले, “तोंड कशाला काढलेस? त्याचे तोंड बघितलेला कोण आहे?”

“मग काय काढू, काका?”

“काठी काढ. कांबळे काढ. उजेड काढ. एवढे दिसले की माणूस बाजूला होतो, तोंड बघायला थांबत नाही.”

हा सल्ला धार्मिक होता तसाच तो तांत्रिकही होता. होळीच्या दिवसांत डिचोली तालुक्यातल्या साळ गावात गड्यांचा उत्सव होतो. गडे, म्हणजे या उत्सवातले व्रतस्थ पुरुष, रात्री देवचाराच्या दिवट्यांच्या मागे धावतात, आणि जमलेले लोक अंधारात तो उजेड दिसण्याची वाट पाहतात. तिथेही दर्शन उजेडाचेच असते. मी माझ्या चित्रकथेत हाच नियम घेतला आहे. देवचाराचा चेहरा कुठल्याही चौकटीत येणार नाही, तो पाठमोरा येईल, किंवा कांबळ्याच्या कडेपर्यंत येईल, किंवा फक्त काठीचे टोक जमिनीवर टेकलेले दिसेल. चेहरा नसल्यामुळे त्याचे मनोगत चेहऱ्यावर दाखवता येत नाही, मग राग आणि माया या दोन्ही गोष्टी दिवटी किती उंच धरली आहे यावरून कळाव्या लागतात. वाट दाखवताना ती कमरेपाशी असते आणि जाब विचारताना समोरच्याच्या तोंडावर असते.

उजेडच पात्र झाल्यावर शाईचा प्रश्न उभा राहतो, कारण काळ्या-पांढऱ्या चित्रात उजेड काढता येत नाही, तो राखावा लागतो. कागदाचा जेवढा भाग कोरा सोडला तेवढाच उजेड. माइक मिन्योला यांच्या ‘हेलबॉय’ चित्रकथा मी यासाठी पुन्हा पुन्हा पाहतो, कारण मोठमोठ्या सलग काळ्या आकारांतून आकृती बाहेर काढण्यात त्यांचा हात धरणारे थोडेच आहेत. पण माझ्या कामाला अधिक जवळची वाट आमच्याच देवळांच्या भिंतींवर सापडली. गोव्यातल्या आणि कोकणातल्या काही जुन्या देवळांत कावी काम आहे. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर हुरमुंजी लाल थर देतात आणि तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करतात. म्हणजे तिथे पांढरे रंगवलेले नसते, ते लालातून खणून काढलेले असते. मी टॅब्लेटवर तसेच करून पाहिले. आधी संपूर्ण चौकट लाल भरली आणि मग दिवटीचा उजेड जिथे पडतो तेवढेच खरवडले. माडाच्या झावळीची कड, गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे, दोन दगड, काठीवर घट्ट बसलेली बोटे. दिवटी जिथे पोहोचत नाही तिथे चित्रच नाही. याचा एक अनपेक्षित फायदा असा झाला की रात्र काढण्याचे माझे काम अर्ध्यावर आले.

चकव्याने मात्र मला बराच काळ अडवून धरले. चकव्याला रूपच नाही. रोजच्या वाटेवरून जाणारा माणूस तिथल्या तिथे फिरत राहतो, एवढेच त्याचे लक्षण. जपानमध्ये क्यूशू बेटावर अशीच एक समजूत आहे. रात्री चालणाऱ्याच्या समोर अदृश्य भिंत येते आणि पुढे जाता येत नाही, तिला नुरिकाबे म्हणतात. शिगेरू मिझुकी यांनी आपल्या चित्रकथांत तिला रूप दिले आणि बारीक डोळ्यांची, लहान हातापायांची एक भलीमोठी भिंत उभी केली. दुसऱ्या महायुद्धात डावा हात गमावलेल्या या चित्रकाराने उजव्या हाताने जपानी लोकसमजुतींतली कितीतरी अदृश्य मंडळी दृश्य केली, आणि आज जपानी मुलांना नुरिकाबे म्हटले की तीच भिंत आठवते. मिझुकींबद्दल मला अपार आदर आहे. तरीही चकव्याला डोळे लावावेत असे मला वाटेना, कारण डोळे आले की तो समोर आला, आणि समोर आला की त्याला चुकवता येते.

अखेर मी त्याला आकृतीऐवजी पानाची मांडणी दिली. सहा चौकटींचे एक पान आहे. माणूस जांभळीच्या झाडावरून, वारुळाजवळून आणि पडक्या गडग्यापासून जातो, पुढच्या ओळीत तो पुन्हा त्याच तीन खुणांवरून जातो. गडग्याची रेषा शेवटच्या चौकटीतून समासाच्या पांढऱ्या जागेत बाहेर येते, पानाच्या कडेने वर चढते आणि पहिल्या चौकटीतल्या गडग्याला जाऊन मिळते. वाचकाची नजर रेषेच्या मागे जाते आणि तो पान पुन्हा पहिल्यापासून वाचू लागतो. दुसऱ्या फेरीत सावली किंचित लांबलेली असावी असे मनात होते, पण छापील चित्र तेच राहणार, त्यामुळे तो मोह सोडला. त्याऐवजी संवादांचे फुगे असे ठेवले की दुसऱ्यांदा वाचताना त्यांचा अर्थ बदलावा. पहिल्या चौकटीत तो म्हणतो, “इथवर आलो म्हणजे घर जवळच.” पहिल्या वाचनात हे समाधान आहे, आणि दुसऱ्या वाचनात तसे राहत नाही. चित्रपटात हा परिणाम साधायचा तर प्रसंग खरोखरच पुन्हा दाखवावा लागेल, आणि प्रेक्षकाला कळेल की दिग्दर्शक त्याला फिरवत आहे. इथे वाचक स्वतःच्या नजरेने फिरतो.

सुटकेचा उपायही मांडणीतूनच यावा असे ठरवले. चकवा लागला तर धावू नये, जागच्या जागी बसावे, असे जुने लोक सांगत. पान उलटल्यावर एकच मोठी चौकट आहे, माणूस खाली बसलेला आहे, आणि त्या चौकटीतून एकही रेषा बाहेर जात नाही.

या मालिकेत मला आणखी एक पात्र आणायचे आहे, आणि त्याच्यापाशी येऊन मी मुद्दाम थांबलो आहे. गोव्याच्या लोकसमजुतींत खाप्री नावाचे एक दैवत किंवा भूत आहे, आणि त्याचा संबंध पोर्तुगीजांनी येथे आणलेल्या आफ्रिकी गुलामांशी जोडला जातो. नेम आधी शोधावा हे तत्त्व इथे लावले, तर जे हाती येते ते भयकथेचे साहित्य नाही, ती इतिहासातली क्रूरता आहे. घरापासून तोडलेला, विकत आणलेला आणि परक्या भूमीत मेलेला माणूस गावाच्या वेशीवर उभा आहे. त्याला काळाकुट्ट, लालभडक ओठांचा राक्षस म्हणून रंगवण्याची जी सवय जुन्या विनोदी चित्रांनी आणि कॉमिक्सनी लावून ठेवली आहे, ती मोडायची असेल तर वर्णावर उभी असलेली कुठलीही खूण मला वापरता येणार नाही. कावीच्या दोनरंगी पद्धतीत एक सोय आहे. तिच्यात जमीनदार भाटकार, देवचार, बैल आणि खाप्री या सर्वांची अंगे एकाच हुरमुंजी लालाची असतात, त्यामुळे फरक दाखवायचा तो वस्तूंतून, उभे राहण्याच्या ढबीतून आणि तो कुठल्या दिशेला तोंड करून आहे यातून दाखवावा लागेल. समुद्राकडे पाहणारा खाप्री ही कल्पना लगेच सुचते, आणि लगेच सुचली म्हणूनच तिच्यावर माझा विश्वास नाही.

म्हणून पहिल्या भागात देवचार आणि चकवा एवढेच येतील. खाप्रीची मॉडेल शीट करण्याआधी ज्या गावांत त्याचे स्थान आहे तिथे जाऊन त्याला काय वाहतात, कधी वाहतात आणि काय वाहत नाहीत, हे तिथल्या लोकांकडून लिहून घ्यायचे आहे, आणि पावसाळ्यात आतल्या वाटा चिखलाच्या होत असल्यामुळे हे काम गणपतीच्या चवथीनंतरच सुरू करता येईल.